जुन्या विमानाचा गळका फ्युएल कॉक: घासावा की बदलावा?

वाचकाचे पत्र: माझे काका एका फ्लाइंग क्लबात मेकॅनिक होते. क्लबाने मोडीत काढलेले एक पायपर कब विमान त्यांनी लिलावात घेतले आणि आमच्या शेतावरच्या कापसाच्या गोडाऊनमध्ये आणून ठेवले. काका गेल्यानंतर ते तसेच पडून होते. गेली तीन वर्षे मी आणि माझा मावसभाऊ सुट्टीच्या दिवशी त्यावर काम करत आहोत. मावसभाऊ परवानाधारक एअरक्राफ्ट मेंटेनन्स इंजिनिअर आहे. कापड, चाके आणि इंजिन यांचे काम झाले. तालुक्याच्या पंपावरून पेट्रोल आणून टाकीत थोडे भरले, तेव्हा लक्षात आले की टाकीखालचा पितळी फ्युएल कॉक, म्हणजे पेट्रोल चालू-बंद करण्याची तोटी, बंद केला तरी थेंब थेंब गळतो. शिवाय मूठ इतकी जड झाली आहे की दोन्ही हात लावावे लागतात. गावातला टर्नर म्हणतो, असाच नवा कॉक दोन दिवसांत करून देतो. ट्रॅक्टरच्या सामानाच्या दुकानात तसाच दिसणारा कॉक तयार मिळतो. मावसभाऊ म्हणतो, कागदपत्रांशिवाय काहीही बसवू देणार नाही. जुना कॉक घासून चालेल, की बदलावाच लागेल?
— एक वाचक, तालुका वरुड, जिल्हा अमरावती

सप्रेम नमस्कार.

पत्रात तुम्ही गळतीबद्दल आधी आणि जड मुठीबद्दल नंतर लिहिले आहे. मी उत्तर उलट क्रमाने देणार आहे; परंतु त्याच्याही आधी एक काम आजच सुरू करा. टाकीत अजून पेट्रोल असेल तर विमान ढकलत गोडाऊनच्या बाहेर, मोकळ्या जागी आणा आणि उद्या सकाळी ऊन चढण्यापूर्वी टाकी पूर्ण रिकामी करा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, त्यामुळे ती वर निघून न जाता जमिनीलगत पसरते आणि खोलगट जागी साचून राहते. कापसाच्या गोडाऊनमध्ये कितीही झाडले तरी तुळयांवर आणि भिंतींच्या भेगांत रुई राहतेच, आणि अशा ठिकाणी दिव्याचे बटण दाबताना उडालेली लहानशी ठिणगीही पुरते. पेट्रोल काढण्यासाठी प्लॅस्टिकची कॅन वापरू नका. धातूचा डबा घ्या, डबा आणि विमानाची धातूची चौकट एका तारेने जोडा आणि ती तार जमिनीत ठोकलेल्या सळईला बांधा, म्हणजे वाहत्या पेट्रोलमुळे साचणारी स्थिर वीज ठिणगी न पाडता निघून जाईल. अग्निशामक नळकांडे हाताशी असू द्या आणि ते चालवता येणारा एक माणूस काम संपेपर्यंत तिथून हलू देऊ नका.

आता जड मुठीबद्दल. गळणारा थेंब डोळ्यांना दिसतो, त्याचा वास येतो, त्यामुळे त्याची दखल लगेच घेतली जाते. मूठ जड असली तर मात्र हाताला त्याची सवय होते. १२ ऑक्टोबर १९९७ रोजी अमेरिकी गायक जॉन डेन्व्हर यांचे विमान कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ माँटेरे उपसागरात कोसळले आणि त्यात त्यांचा मृत्यू झाला. ते लाँग-ईझी जातीचे, हौशी माणसाने स्वतः बांधलेले विमान होते आणि त्याचा फ्युएल सिलेक्टर, म्हणजे कोणत्या टाकीतून पेट्रोल घ्यायचे ते ठरवणारी मूठ, वैमानिकाच्या डाव्या खांद्यामागे बसवलेला होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने तपासाअंती असा निष्कर्ष काढला, की ती मूठ फिरवण्याच्या प्रयत्नात वैमानिकाचे लक्ष विमान चालवण्यावरून ढळले, विमानाचे नाक डावी-उजवीकडे वळवणाऱ्या रडरच्या उजव्या पेडलवर नकळत पाय दाबला गेला आणि विमानावरचा ताबा सुटला. मूठ हाताला अवघड अशा जागी बसवणे हेही त्या मंडळाने अपघाताला हातभार लावणारे कारण मानले.

तुमच्या कबमध्ये टाकी एकच, सुमारे ४५ लिटरची, पुढच्या आसनासमोर असते. त्यामुळे हवेत टाकी बदलण्याचा प्रसंग येणार नाही. पण इंजिनाला आग लागली, तर पहिल्या काही क्षणांत वैमानिकाला हा कॉक एका हाताने बंद करता आला पाहिजे, कारण दुसरा हात विमान चालवण्याच्या दांड्यावर, म्हणजे स्टिकवर, असणार. दुसरी शक्यता मला यापेक्षा अधिक भीतीदायक वाटते. जड कॉक पूर्ण उघडला असे हाताला वाटते आणि प्रत्यक्षात तो पाऊणच उघडलेला असतो. जमिनीवर इंजिन मंद फिरत असताना त्याला इतके थोडे पेट्रोल लागते की अर्धवट उघडा कॉकही ते पुरवू शकतो. उड्डाणासाठी थ्रॉटल पूर्ण पुढे गेला की मागणी एकदम वाढते. काही क्षण कार्बोरेटरच्या (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाच्या) बाउलमध्ये साठलेले पेट्रोल वेळ निभावून नेते आणि मग इंजिन उपाशी पडते. तोवर चाके जमिनीवरून सुटलेली असतात, समोरची धावपट्टी संपत आलेली असते आणि उंची मागे वळण्याइतकी मिळालेली नसते.

म्हणून कॉकची दोन कामे नेहमी जोडीने लक्षात ठेवा: त्याने पूर्ण बंद झाले पाहिजे आणि पूर्ण उघडले पाहिजे. दुरुस्ती करणाऱ्यांचे सगळे लक्ष पहिल्या कामावर असते, आणि पहिले साधण्याच्या नादात दुसरे कसे बिघडते, हे पुढे सांगतोच.

ज्यांच्या घरी पाणी तापवण्याचा तांब्याचा बंब होता, त्यांनी तुमच्या कॉकचा भाऊबंद हाताळलेला आहे. बंबाच्या तोटीत निमुळता पितळी खुंटा तितक्याच निमुळत्या घरात घट्ट बसलेला असतो, आणि खुंट्याला आडवे आरपार भोक असते. भोक नळीच्या रेषेत आले की पाणी वाहते, पाव फेरा फिरवला की थांबते. रबर नाही, चामडे नाही; पितळेवर पितळ घट्ट टेकते, एवढ्यावर सारे चालते. खाली नट, वॉशर आणि बऱ्याच कॉकमध्ये एक स्प्रिंग असते, जी खुंट्याला घरात ओढून धरते. आमच्याकडे तोटी गळू लागली की तांबट अंगणात बसून खुंटा काढायचा, त्याला तेल आणि विटकरीची वस्त्रगाळ पूड लावायचा आणि कितीतरी वेळ उलटसुलट घोटत राहायचा. तत्त्व तेच आहे. विटकरीची पूड मात्र विमानाच्या कामात चालत नाही आणि त्याचे कारण पुढे येईल.

असा कॉक खराब होतो तो दोन वेगळ्या रीतींनी, आणि त्या रीती ओळखल्याशिवाय हत्यार हातात घेऊ नये. पहिली रीत म्हणजे पडून राहणे. वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या विमानात उरलेले पेट्रोल उडून जाते आणि मागे लाखेसारखा चिकट, पिवळसर थर उरतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो तेव्हा पत्र्याच्या छपराखाली हे आणखी लवकर होते. या थरामुळे मूठ जड होते, खुंटा घरात नीट बसत नाही आणि गळतीही सुरू होते, पण धातूची झीज झालेली नसते. दुसरी रीत म्हणजे खरी झीज. टाकीच्या तळाशी साचलेले पाणी, गंजाचे कण आणि धूळ खुंटा आणि घर यांच्यामध्ये शिरते आणि प्रत्येक फेऱ्यागणिक पितळेवर बारीक चर पाडते. तुमचे विमान किती वर्षे उभे होते ते पाहता पहिली रीत तर नक्कीच असणार. दुसरी आहे की नाही, ते कॉक उघडल्याशिवाय कळायचे नाही.

उघडताना घाई नको. आधी मुठीपासून टाकीपर्यंत प्रत्येक जोडाचे फोटो काढा. नळीचा नट सोडवताना एक पाना कॉकच्या अंगावर धरा आणि दुसऱ्याने नट फिरवा. एकच पाना वापरला तर ॲल्युमिनियमची जुनी नळी पिळली जाते आणि तिच्या पसरट तोंडाला, म्हणजे फ्लेअरला, केसासारखी चीर पडते, जी डोळ्यांना दिसत नाही पण इंजिनाच्या कंपनाने वाढत जाते. कॉक शिकंजात धरायचा असेल तर जबड्यांना लाकडी फळ्या लावा. खालचा नट, वॉशर आणि स्प्रिंग ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने स्वच्छ फडक्यावर मांडा, आणि खुंटा कोणत्या बाजूने बसला होता याची खूण त्याच्या टोकावर व अंगावर हलकीशी करून ठेवा. खुंटा अडला तर लाकडी मोगरीने खालून हलके ठोकून तो सुटतो. लोखंडी हातोडी लावू नका.

आता दोन्ही भाग ॲसिटोनने धुऊन, वाळवून, उन्हात घेऊन बसा आणि भिंगाखाली पाहा. खुंट्यावर पिवळा थर होता आणि तो निघून गेल्यावर पितळ सारखे गुळगुळीत दिसत असेल, तर तुमचे अर्धे काम झाले. चरे दिसले तर त्यांवरून नखाचे टोक आडवे ओढा. नख अडत नसेल तर घोटून काम होईल. नख अडत असेल, विशेषतः भोकाच्या एका कडेपासून दुसरीपर्यंत जाणाऱ्या चरेवर अडत असेल, तर तो कॉक बदलावा, कारण तेवढी खोल चर घालवायला जितके पितळ काढावे लागेल तितके काढण्याची मुभा या भागात नसते. शंका असेल तेव्हा मार्किंग ब्ल्यूचा, म्हणजे दोन भाग कुठे टेकतात ते दाखवणाऱ्या निळ्या रंगाचा, अगदी पातळ थर खुंट्यावर द्या, तो घरात घालून थोडासा फिरवा आणि बाहेर काढा. निळा रंग सगळीकडे सारखा पुसला गेला असेल तर खुंटा सर्वांगाने टेकतो आहे. फक्त वरच्या किंवा खालच्या कडेला पुसला गेला असेल तर खुंट्याचा आणि घराचा उतार एकमेकांशी जुळत नाही.

घोटायचे ठरले, तर सर्वांत बारीक प्रतीचा लॅपिंग कंपाउंड, म्हणजे घोटण्याचा लेप, घ्या, आणि तोही पितळेसाठी असलेला, म्हणजे ज्याचे कण घासता घासता चुरून निकामी होतात असा. विटकरीची पूड, वाळू किंवा इंजिनाच्या व्हॉल्व्हसाठी मिळणारी साधी ग्राइंडिंग पेस्ट नको असे म्हणतो ते यासाठी, की पितळ मऊ असते, कठीण कण त्यात रुतून बसतात आणि धुतल्यावरही निघत नाहीत. मग तुमचा कॉक पुढची कित्येक वर्षे स्वतःलाच घासत राहतो. हलक्या हाताने, अर्धा फेरा इकडे, अर्धा तिकडे, आणि दर थोड्या वेळाने खुंटा उचलून जागा बदलत घोटा. एकाच दिशेने गोल फिरवू नका, त्याने नव्या गोल चरा पडतात. दर पाच मिनिटांनी धुवा, ब्ल्यू लावा, पाहा. जेव्हा रंग सर्वत्र सारखा उमटेल तेव्हा थांबा. आणखी थोडे, आणखी थोडे, असे करत राहू नका.

या थांबण्याचे महत्त्व मला फार वाईट रीतीने शिकावे लागले. उमेदवारीच्या दुसऱ्या वर्षी एका क्लबात मला अशाच एका पितळी कॉकचे काम दिले होते. गळती पूर्ण थांबावी या ध्यासाने मी तो दुपारभर घोटला. संध्याकाळी एक थेंबही गळेना, मूठ लोण्यासारखी फिरू लागली, आणि मी खूश झालो. निमुळता खुंटा जितका घासावा तितका घरात खाली उतरतो, एवढी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. खुंटा खाली उतरला तसे त्याचे भोकही खाली उतरले आणि नळीच्या भोकासमोर चंद्रकोरीएवढीच फट उरली. दुसऱ्या दिवशी जमिनीवर इंजिन दहा मिनिटे अगदी छान चालले. आमच्या वयस्कर फोरमननी मात्र विमान सोडले नाही. त्यांनी कार्बोरेटरची नळी काढायला लावली, खाली मापाची बादली ठेवली आणि घड्याळ हातात घेतले. बादलीत जी बारीक धार पडू लागली ती पाहून माझे हातपाय गार पडले. त्या विमानात सकाळी नऊ वाजता एक प्रशिक्षणार्थी बसणार होता.

तेव्हा घोटून झाले की खुंटा घरात बसवा आणि नळीच्या तोंडातून उजेड धरून आरपार पाहा. मूठ 'चालू'वर असताना दोन्ही भोके पूर्ण गोल दिसली पाहिजेत. कडेला पितळाची कोर डोकावत असेल तर तो कॉक कितीही न गळता बंद होत असला तरी बाद समजा. त्याच वेळी खालचा वॉशर घराच्या बुडाला टेकतो आहे का, हेही बघा. तो टेकला तर स्प्रिंगचा सगळा जोर वॉशरवर जातो आणि खुंटा सैल राहतो. कॉकपिटमधली मूठ आणि कॉक यांच्यामधली तार किंवा दांडी झिजली असेल, तिथली पिन ढिली असेल, तर मूठ एक सांगेल आणि खुंटा दुसरेच करेल. म्हणून मुठीची 'चालू' आणि 'बंद' ही खूण खुंट्याच्या भोकाशी ताडून पाहिल्याशिवाय रंगवू नका.

खुंट्याला वंगण लागते, पण चाकांच्या बेअरिंगचे ग्रीस इथे निरुपयोगी आहे. पेट्रोल ते धुऊन नेते आणि त्याचे गोळे कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतात. पेट्रोलमध्ये न विरघळणारे, विमानाच्या इंधन कॉकसाठीच बनवलेले ग्रीस मिळते. त्याचा बोटावर जेमतेम दिसेल एवढा थर पुरतो. टेफ्लॉनची पांढरी टेपही इंधनाच्या जोडांना लावू नये, कारण तिचे तंतू सुटून कार्बोरेटरच्या नीडलखाली अडकतात. निमुळत्या आट्यांना इंधनासाठी असलेला सीलंट लावा, तोही फक्त बाहेरच्या आट्यांवर आणि पुढच्या दोन आट्या कोऱ्या सोडून. फ्लेअरच्या जोडाला काहीच लावायचे नाही.

जुन्या अमेरिकी विमानांत काही कॉक खुंट्याऐवजी बुचाच्या लाकडाचे, म्हणजे कॉर्कचे, किंवा रबरी रिंगांचे असत. तुमचा पितळी आहे असे तुम्ही लिहिले आहे. तरी आत एखादी रिंग निघालीच तर ती घोटायची वस्तू नव्हे, बदलायची आहे, आणि मूळ भागासाठी मान्य असलेल्या रबराचीच हवी. ओले असताना फुगलेले कॉर्क कोरड्या गोडाऊनमध्ये आकसते आणि गळते, हे तुम्हाला टाकीच्या झाकणातही दिसेल: कबचा इंधनमापक म्हणजे झाकणातून वर आलेली एक तार आणि तिच्या खाली कॉर्कचा तरंगा.

त्या तरंग्यामुळेच पंपावरच्या पेट्रोलबद्दल सविस्तर लिहावेसे वाटते. तुमच्या इंजिनाला, ते ६५ अश्वशक्तीचे काँटिनेंटल ए-६५ असेल तर, ७३ ऑक्टेनचे इंधन पुरेल असे त्याच्या मूळ मानकात आहे, आणि म्हणून पंपावरचे पेट्रोल भरायचा मोह होतो. ऑक्टेनची अडचण खरोखर नाही. अडचण इथेनॉलची आहे. आपल्याकडे आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हे अल्कोहोल आहे. सुतार स्पिरिटमध्ये लाख विरघळवून पॉलिश तयार करतो, हे तुम्ही पाहिले असेल. पूर्वी कॉर्कच्या तरंग्यांवर लाखेचा किंवा वार्निशचा लेप देत असत आणि इथेनॉल तो लेप सोडवून टाकते. त्याचे पापुद्रे जाळीत आणि कॉकमध्ये येतात, कॉर्क पेट्रोल पिऊन जड होते आणि मापक खोटे बोलू लागतो. जुन्या रबराला इथेनॉल फुगवते. हवेतले पाणी ते ओढून घेते आणि पाण्याचे प्रमाण वाढले की अल्कोहोल व पाणी दोन्ही पेट्रोलपासून वेगळे होऊन तळाशी, म्हणजे नेमके कॉकच्या तोंडाशी, बसतात. अमेरिकेत अशा जुन्या इंजिनांना मोटारीचे पेट्रोल वापरण्याची वेगळी मान्यता घेता येते, पण ती इथेनॉल नसलेल्या पेट्रोलपुरतीच असते. पेट्रोलमध्ये अल्कोहोल आहे की नाही ते घरीही तपासता येते: उभ्या काचेच्या नळीत थोडे पाणी घेऊन रेघ मारा, वर पेट्रोल ओता, हलवा आणि स्थिर होऊ द्या. खालचा थर रेघेच्या वर चढलेला दिसला तर अल्कोहोल पाण्यात उतरले आहे. तुमच्या टाकीतून काढलेले पेट्रोल मोटारसायकलीत वापरा. विमानात परत ओतू नका. टाकी, जाळी आणि सेडिमेंट बाउल, म्हणजे पेट्रोलमधला गाळ व पाणी साचणारी वाटी, धुऊन काढा, आणि पुढे ॲव्हगॅस, म्हणजे विमानाचे पेट्रोल, मागवा.

आता तुमच्या टर्नरविषयी. त्याच्या हाताविषयी मला जराही शंका नाही. जिनिंगच्या यंत्रांची आणि ऊस-संत्र्याच्या पंपांची कामे करणारे असे कारागीर कुठल्याही मोठ्या कारखान्यात शोभतील. तरीही त्याने केलेला कॉक बसवू नका. त्याच्याकडे येणारी पितळी सळई कोणत्या मिश्रणाची आहे हे त्यालाही सांगता येणार नाही, तिच्यात ओतीव पोकळी आहे का हे कळायला मार्ग नाही, आणि उताराचा कोन मूळ नकाशाशिवाय झिजलेल्या खुंट्यावरून मोजला तर झीजच नव्या भागात उतरते. ट्रॅक्टरच्या दुकानातल्या कॉकची अडचण आणखी वेगळी आहे. त्याच्या भोकाचा व्यास लहान असू शकतो, आणि मोटार-ट्रॅक्टरच्या फ्लेअरचा कोन साधारणपणे ४५ अंशांचा, तर विमानाच्या प्रमाणित जोडाचा ३७ अंशांचा असतो. नट बसतो, घट्टही होतो, पण तोंडे एका बारीक रेषेवरच टेकतात आणि कंपनाने ती रेष सुटते.

त्या कारागिराकडून एक काम जरूर करून घ्या: कॉक तपासण्यासाठी दोन पितळी बुचे आणि हवेची नळी जोडण्याचा एक जोड. त्यांतले काहीही विमानावर राहणार नाही आणि तपासणी मात्र नेमकी होईल.

मावसभावाचा आग्रह योग्य आहे आणि तुम्ही त्याच्या बाजूने उभे राहावे. १ जानेवारी २०२५ पासून १९३४ च्या विमान कायद्याची जागा भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ ने घेतली आहे. पण विमान उडण्यायोग्य आहे की नाही याची देखरेख पूर्वीप्रमाणेच नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीसीएकडे आहे. जो भाग बसवायचा त्याच्याबरोबर त्याचे प्रमाणपत्र हवे: भारतातला असेल तर सीए फॉर्म १, अमेरिकेतून आला असेल तर तिथल्या विमान प्रशासनाचा ८१३०-३ हा टॅग. कबची सुमारे २० हजार विमाने बनली, त्यामुळे तिचे सुटे भाग अमेरिकेत आजही मान्यता घेऊन नव्याने बनवले जातात. जुन्या मोडीतला, कागद नसलेला 'अस्सल' कॉक स्वस्तात मिळाला तरी तो तुमच्या झिजलेल्या कॉकहून चांगला आहे असे मानायला काही आधार नसतो. घोटलेला जुना कॉक परत बसवायचा असेल, तर ज्याच्या परवान्यात हे विमान येते त्याच इंजिनिअरने तो तपासून लॉगबुकात नोंद करून सही करायची आहे. मावसभावाच्या परवान्याची व्याप्ती तेवढी आहे का, हे त्यानेच आधी पाहून घ्यावे. मोडीत निघालेल्या विमानाची नोंदणी पुन्हा करणे हा वेगळा आणि लांबचा विषय आहे. त्यासाठी डीजीसीएच्या विभागीय कार्यालयाशी आत्ताच पत्रव्यवहार सुरू करा.

कॉक नवा असो की घोटलेला, विमानावर चढवण्यापूर्वी तो टेबलावर तपासा. मूठ बंद करून एका तोंडातून दोन ते तीन पीएसआय (टायरमधल्या हवेचा दाब मोजतात तेच एकक) एवढ्याच दाबाची हवा द्या आणि कॉक बादलीत बुडवून पाच मिनिटे बुडबुडे पाहा. मग मूठ उघडून, दुसरे तोंड बुचाने बंद करून, खुंट्याच्या दांड्यापाशी बुडबुडा येतो का ते पाहा. पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर थेट लावू नका. तुमच्या टाकीतले पेट्रोल कॉकवर एक पीएसआयपेक्षाही कमी दाब देते. शंभराच्या दाबाने स्प्रिंगविरुद्ध खुंटा उचलला जाईल आणि चांगला कॉकही वाईट ठरेल. तपासणी झाली की तो पूर्ण वाळवा.

यानंतरची परीक्षा माझ्या फोरमनची. गुरुत्वाने पेट्रोल उतरणाऱ्या विमानात, उड्डाणाच्या वेळी इंजिन जितके पेट्रोल घेते त्याच्या दीडपट धार कार्बोरेटरपाशी मिळाली पाहिजे, असा जुना आणि सर्वमान्य दंडक आहे. ६५ अश्वशक्तीचे इंजिन पूर्ण जोरात तासाला साधारण २० लिटर पेट्रोल घेते असे धरले, तर दीडपट म्हणजे ३० लिटर, अर्थात दोन मिनिटांत एक लिटर. हे माप सपाट जमिनीवर घेऊ नका. चढताना विमानाचे नाक वर असते आणि टाकी व कार्बोरेटर यांच्या उंचीतला फरक त्यामुळे कमी होतो. म्हणून शेपटीच्या चाकाखाली शेतात वीतभर खड्डा खणा, चाक त्यात उतरवा, मुख्य चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा आणि टाकीत अगदी थोडे पेट्रोल ठेवून धार मोजा. जागा उघडी हवी, डबा धातूचा आणि तारेने जोडलेला हवा. एक लिटर मोजून थांबू नका. तीन-चार लिटर सलग मोजा आणि प्रत्येक लिटरची वेळ लिहून घ्या. वेळ वाढत गेली तर कॉकचा दोष नाही, झाकणातल्या हवेच्या भोकात काहीतरी अडकले आहे आणि टाकीत पोकळी तयार होते आहे. आपल्याकडे कुंभारमाशी असल्या भोकात मातीचे घर करते. पावसाळ्यानंतर ते हमखास पाहावे.

शेवटी विमान दोराने पक्के बांधून, भल्या सकाळी, नाक वाऱ्याकडे करून इंजिन चालवा आणि मॅन्युअल परवानगी देते तेवढा वेळ पूर्ण थ्रॉटलवर ठेवा. नंतर मंद गतीवर आणून कॉक बंद करा आणि इंजिन किती सेकंदांनी बंद पडते ते घड्याळावर मोजा. तो आकडा लॉगबुकात लिहून ठेवा, कारण कॉक बंद राहूनही इंजिन किती वेळ चालू राहू शकते, हे त्या विमानात बसणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असले पाहिजे.

खुंटा धुतल्यावर भिंगाखाली काय दिसले, विशेषतः भोकाच्या दोन्ही कडांना, ते मला कळवा. ब्ल्यू लावून काढलेला फोटो सोबत पाठवला तर घोटायचे की नवा मागवायचा, हे मी आणि मावसभाऊ मिळून ठरवू शकू. तोवर टाकी कोरडी राहू द्या आणि गोडाऊनचे दोन्ही दरवाजे दिवसा उघडे ठेवा.